जर्मनीत भाषा शिकवायला जाताना : वेगळा फ्लॅट की वाटून घेतलेल्या घरातली खोली?

पुसद-आर्णीकडच्या पोरापोरींना वेगळा फ्लॅटच बरा वाटतो. पण तिथल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बरेचदा ओटा, सिंकसुद्धा नसतं. घरमालक पगारपत्रकं आणि 'शुफा' हा पत-अहवाल मागतो. नव्या माणसाकडं दोन्ही नसतात, अर्ज मागं पडतो. डिपॉझिट हीटिंग-पाणी सोडून तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. ते कायद्यानं तीन हप्त्यांत भरता येतं, मालक आपणहून सांगेलच असं नाही.

'वेगे'त, म्हणजे वाटून घेतलेल्या घरात, स्वयंपाकघर तयार असतं. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी (२०२५ मध्ये महिना १८.३६ युरो) घरटी एकच. तोटा एवढाच, की मिरचीच्या फोडणीचा ठसका सगळ्या घराला!

पहिलं वर्ष खोलीच घ्यावी. मात्र राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि त्याला घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. पत्र द्यायला कोणी कां-कूं करत असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडा. नोंदणी नाही तर करक्रमांक अडतो, आणि पगारातून सर्वांत चढ्या दरानं कर कापला जाऊ शकतो.