बडोद्यातली ‘अस्सल जपानी’ मेजवानी : पैसे भरण्याआधी वाचा

बडोद्यात सध्या सुशीचं, म्हणजे भात आणि बहुधा कच्चा मासा असलेल्या जपानी पदार्थाचं, पेव फुटलंय. परदेशातून परतलेली मुलं मागतात, बुलेट ट्रेनच्या नावाने शहरात जपानचं कौतुक वाढलंय, आणि रील्सवर ‘बडोद्यातलं नंबर वन सुशी’ दर आठवड्याला नवं निघतं. या गर्दीत काही भामट्यांनी हात धुऊन घेतलेत. त्यांतल्या एकाने आम्हाला कसं गंडवलं ते लिहितोय. तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही. पद्धत ओळखता आली की पुरे.

अलकापुरीकडच्या एका हॉटेलातला हॉल एका रात्रीपुरता भाड्याने घ्यायचा. मोजक्या खुर्च्या, काउंटरपलीकडे शेफ आणि ‘ओमाकासे’, म्हणजे शेफ वाढेल ते खायचं. जपानात ही मानाची पद्धत आहे. भामट्यांनाही ती फार सोयीची, कारण ताटात काय येणार हे आधी ठरलेलंच नसतं. माणशी ४,८०० रुपये, सगळे आगाऊ, क्यूआर कोडवर. पैसे जमा झाले ते कुणा व्यक्तीच्या खात्यात. हॉटेलवाल्यांनी नंतर हात वर केले : आम्ही फक्त हॉल दिला होता.

भाऊजींचा वाढदिवस होता. त्यांची नोकरीतली बरीच वर्षं जपानात, नागोयात गेली, म्हणून हा सगळा घाट. मेजवानीचं कार्ड वाचतानाच त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. ‘आज सकाळच्या त्सुकिजी लिलावातला ट्यूना’ असं त्यावर छापलं होतं. टोकियोतला तो घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्येच त्सुकिजीहून तोयोसूला हलला. जुन्या जागी दुकानं आहेत, खाणावळी आहेत, पण लिलाव नाही. त्यात वार रविवार. रविवारी तोयोसूचा बाजार सहसा बंद असतो. आणि समजा उघडा असला, तरी पहाटे लिलावात सुटलेला मासा मुंबईला किंवा दिल्लीला उतरून, कस्टममधून निघून, त्याच संध्याकाळी बडोद्यात ताटात? आमचं कुरियर सुरतेहून यायला दोन दिवस घेतं.

त्याखालची ओळ होती, ‘कधीही न गोठवलेला मासा’. ही फुशारकी ऐकली की आधी उठून यावं. कच्च्या माशातले जंत मरावेत म्हणून बहुतेक मासे आधी गोठवावेच लागतात. अमेरिकेच्या अन्न खात्याचा दंडक उणे २० अंशांना सात दिवस असा आहे. सुशीसाठी दूरवर जाणारा चांगला ट्यूना तर उणे ६० च्या आसपास गोठवून पाठवतात. शेफचं वर्णन ‘मिशेलिन स्टार शेफ’. मिशेलिन ही रेस्टॉरंटांना तारे देणारी मार्गदर्शिका. तारा रेस्टॉरंटला मिळतो, माणूस तो खिशात घालून गावोगाव फिरू शकत नाही.

मग ताटं आली. ‘ओतोरो’ म्हणून जो तुकडा समोर ठेवला तो कलिंगडाच्या फोडीसारखा एकसारखा लाल. ओतोरो म्हणजे ट्यूनाच्या पोटाचा चरबीचा भाग. तो फिकट गुलाबी असतो आणि त्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. इथे रेघ औषधालाही नव्हती. भात फ्रिजमधून काढलेला, गार, दाणे कडक. सुशीचा भात हाताला कोमट लागायला हवा. वसाबी, म्हणजे सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, म्हणून हिरव्यागार लगद्याच्या गोळ्या आधीच करून ठेवलेल्या. खरं वसाबी मुळासारखं दिसणारं खोड असतं, ते आयत्या वेळी किसतात, कारण किसल्यावर थोड्याच वेळात त्याचा तिखटपणा उडतो. ट्यूबमध्ये मिळतो तो बहुतेक हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), मोहरी आणि रंग. ‘होक्काइदोचा खेकडा’ आईने चमच्याने उलगडून पाहिला. आई रत्नागिरीची, कच्चं काही तोंडात घालणार नव्हतीच. सुरळी केलेल्या कागदासारखे थर सुटायला लागल्यावर म्हणाली, “अरे, हा खेकडा नाही. ही माशाची कणीक आहे.” क्रॅब स्टिक खरंच तशीच करतात. स्वस्त माशाचा लगदा, पिष्ट, वरून लाल रंग. ती खाण्यात वाईट काही नाही, मोठ्या हॉटेलांच्या मेनूत ‘क्रॅब स्टिक’ असं सरळ लिहिलेलं असतं.

सगळ्यात निर्लज्ज प्रकार साकेचा, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचा. प्रत्येक पदार्थाबरोबर साके, त्याचे पैसे ४,८०० मध्ये धरलेले. आम्हाला वाटलं, परमिटवाल्या हॉटेलातली काही सोय असेल. टेबलावर ग्रीन टी आला. विचारलं तर आयोजक हसून म्हणतो, “साहेब, गुजरातमां दारूबंधी छे, तमने तो खबर ज छे ने!” पैसे घेताना दारूबंदी कुठे गेली होती, यावर उत्तर नाही. वर ‘माल कस्टममध्ये अडकला, म्हणून दुसरा मागवला’ असं सांगत माणशी ९०० रुपये जादा मागितले. ते आम्ही दिले नाहीत. आवाज चढला तेव्हा शेजारच्या टेबलांनीही पाकिटं परत खिशात घातली.

बिल मागितलं तर साधी चिठ्ठी. त्यावर पाच टक्के जीएसटी लावलेला, पण नंबर नाही. जीएसटीचा नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो आणि गुजरातचा २४ ने सुरू होतो. खाण्याच्या बिलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) १४ आकडी नंबर जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. हे दोन्ही नंबर आगाऊ पैसे भरण्याआधीच व्हॉट्सअॅपवर मागून घ्या आणि सरकारी साइटवर तपासा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुणाचं नाव दिसतं तेही पाहा.

दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवरून कार्ड गायब. भाऊजींनी फोटो काढून ठेवला होता म्हणून बरं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आयोजकाने आतापर्यंत देऊ केलंय ते म्हणजे पुढच्या मेजवानीवर वीस टक्के सवलतीचं कूपन.

ती पुढची मेजवानी सुरतेला आहे. पेजचं नाव बदललंय, कार्डावरचा मजकूर शब्दन् शब्द तोच. सुरतेत कुणी ओळखीचं असेल तर हे त्यांना पाठवा.