पुण्यात नवीन बिऱ्हाड थाटताय? ‘स्वच्छ’च्या ताईंची वेळ आधी विचारून घ्या

पुण्यात राहायला आलं की पहिल्या आठवड्यात सगळेच गॅस, वायफाय आणि स्वयंपाकाच्या मावशी यांच्या मागे लागतात. परभणीहून कर्वेनगरला आलो तेव्हा आमचंही तेच चाललं होतं. गॅसचं सोपं आहे, जुन्या एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर तेवढं आठवणीने घेऊन या. भाडेकराराची नोंदणी एजंट घरी येऊन करून देतो, त्याच बैठकीत पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचं कामही उरकून घ्या. पाणी किती वाजता येतं ते वॉचमनकाका सांगतील. कचऱ्याचं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. आणि मला विचाराल तर पुण्यातली सगळ्यात चोख घरपोच सेवा तीच आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आमच्या मजल्यावर सकाळी नऊच्या आत ‘स्वच्छ’च्या ताई कचरा न्यायला येतात. ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या डब्यांत तयार ठेवायचा. महिन्याचं शुल्क शंभर रुपयांच्या आसपास, तेही त्यांच्याच हातात द्यायचं. पाऊस धो-धो पडत असला तरी त्या येतात. ज्या दिवशी येणार नसतील त्या दिवशी बदलीची ताई येते, किंवा आदल्या दिवशी सांगून जातात.

या ताई कुठल्या ठेकेदाराच्या पगारावर नाहीत. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. त्याआधी याच बायका कचराकुंड्या उपसून रद्दी-भंगार वेचायच्या आणि वर लोकांची बोलणी खायच्या. संघटनेतूनच पुढे २००७ मध्ये ‘स्वच्छ’ निघाली आणि पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचं काम तिने घेतलं. आपण देतो ते शुल्क आणि सुका कचरा विकून आलेले पैसे ही त्यांची कमाई. हे एकदा नीट कळलं की आपला सुका डबा आपण कसा भरतो याकडे बघायची नजरच बदलते.

खाली पार्किंगच्या कोपऱ्यात ताई सुका कचरा निवडतात, तेव्हा जरा थांबून बघा. पुठ्ठा एकीकडे, रद्दी एकीकडे, बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. हात इतका भराभर चालतो की नजर पुरत नाही. भाजीचा रस लागलेला कागद त्या नुसता चिमटीत धरून बाजूला टाकतात, कारण त्याला कुणी भाव देत नाही. वेफर्सच्या आतून चकचकीत असलेल्या पाकिटांचंही तेच. दुधाची पिशवी कशी कापायची ते त्यांनीच मला दाखवलं: कोपरा पूर्ण तोडायचा नाही, छोटी चीर द्यायची, म्हणजे तो तुकडा पिशवीलाच लटकून राहतो. सुटा झालेला एवढासा तुकडा कुणी वेचत नाही, तो मातीतच जातो. पिशवी विसळून, वाळवून ठेवली की तिचे पैसे होतात. आमच्या घरी आता ओट्याच्या वर दोरीला चिमटे लावलेत, पिशव्या तिथेच वाळतात.

नवीन आलेल्यांकडे सामानाची खोकी ढिगाने असतात. ती फाडून, सपाट करून ताईंना द्या, जिन्यात टाकून ठेवू नका. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी द्या आणि तोंडाने सांगाही. सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते पुडकं निवडताना कुणी उघडत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही हा कचरा गुंडाळून द्यावा असं स्पष्ट म्हटलं होतं. लाल स्केचपेन बाथरूमच्या कपाटातच ठेवा. दुसऱ्या माणसाच्या उघड्या हातात आपण काय देतोय, याचा एवढा विचार करायला अर्धं मिनिट लागतं.

आता जे खटकतं ते. ताई चौथ्या-पाचव्या मजल्यावरून भरलेले डबे घेऊन उतरतात आणि काही सोसायट्या त्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत. मी पूर्वी भाड्याने राहत होते त्या इमारतीत तशी पाटीच होती. ‘वास येतो’ म्हणे. वास आपल्याच घरातल्या कचऱ्याचा! फ्लॅट बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि पाण्याबरोबर हेही विचारा. दुसरं म्हणजे शुल्कासाठी त्यांना दोन-दोन महिने तंगवणारी माणसं. ओटीटीचे पैसे आपोआप कापले जातात आणि इथे शंभराची नोट काढताना ‘सुट्टे नाहीत’ सुरू होतं. राग येतो मला. भाडेकरू घर सोडून जातात आणि शेवटच्या महिन्याचं शुल्क बुडतं ते बुडतंच. घर बदलताना दूधवाल्याचा हिशेब करता ना, तसाच ताईंचाही करा.

एक लक्षात ठेवा, हे सगळं पुणे महापालिकेच्या हद्दीतलं सांगतेय. वाकड किंवा पिंपळे सौदागरला घर घेतलंत तर तिथे पिंपरी-चिंचवड महापालिका आहे आणि व्यवस्था वेगळी. मोठ्या सोसायटीत असाल तर ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं का, ते सेक्रेटरींना विचारून घ्या. होत असेल तर नारळाच्या करवंट्या त्यात टाकू नका, त्या कुजायला फार वेळ घेतात.

जुनी गादी, बंद पडलेला मिक्सर, वायरींचं भेंडोळं असलं सामान रोजच्या डब्यात जात नाही. त्यासाठी ‘स्वच्छ’चा व्ही-कलेक्ट नावाचा वेगळा उपक्रम आहे. तुमच्या भागात तो कधी आहे ते ताईंनाच विचारा, आणि दिवाळीची साफसफाई काढायच्या आधी विचारा.