वावरातील हवाई छत्री: पांढरकवड्याकडील पॅरासेलिंगचा अनुभव

पांढरकवड्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, महामार्गाला लागून असलेल्या एका मोकळ्या वावरात डिसेंबरपासून पॅरासेलिंग, म्हणजे जीपमागे दोराने बांधलेल्या छत्रीखाली लटकून हवेत जाणे, सुरू झाल्याचे आमच्या गावात कळले, तेव्हा घरातल्या मुलांच्याही आधी तयार होऊन ओसरीवर बसले ते माझे सत्त्याहत्तर वर्षांचे वडील. सोयाबीन निघून गेलेले सहा-सात एकर सपाट रान, एक जीप, दोन छत्र्या आणि चार तरुण मुले एवढाच या व्यवसायाचा पसारा आहे. माणशी ६०० रुपये घेतात आणि साधारण चार मिनिटे हवेत ठेवतात. आम्ही दोन वेळा जाऊन आलो. पहिल्या वेळी काही गंभीर उणिवा दिसल्या आणि त्या या मुलांनी खाली मान घालून ऐकून घेतल्या, म्हणून त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्या भागात अशी दुसरी जागा नसल्याने ज्यांना जायचे आहे त्यांना ती सहज सापडेल.

वडिलांचे मत मी या लेखात वारंवार देणार आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी आधी सांगणे आवश्यक आहे. ते पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या, म्हणजे मराठा बटालियनमध्ये होते आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ या बटालियनने जी उडी घेतली, तीत तेही होते. लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघारी जाणाऱ्या शत्रूची वाट अडवायची, हे त्या तुकडीचे काम होते. बाबा त्या लढाईबद्दल फारसे बोलत नाहीत. छत्रीबद्दल विचारले तर मात्र जेवण निवेपर्यंत बोलतात. आमच्या आजीला ते लष्करात नेमके काय करतात हे शेवटपर्यंत नीटसे उमगले नाही. गावात पॅराशूट म्हणजे निळ्या बाटलीतले खोबरेल, आणि माणूस हवाई छत्री बांधून विमानातून स्वतःहून बाहेर पडतो, हे तिला पटत नसे.

माझे बालपण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आग्र्याच्या छावणीत गेले. छत्रीधारी सैनिकांचे प्रशिक्षण आग्र्यात होते आणि उड्या शहराबाहेर मालपुऱ्याच्या मैदानावर पडतात. आई गच्चीवर पापड वाळत घालीत असताना आम्ही भावंडे आकाशात उमलणाऱ्या छत्र्या मोजत असू, आणि विमानातून बाहेर पडलेले ठिपके व उघडलेल्या छत्र्या यांचा हिशेब जुळेपर्यंत कोणीही बोलत नसे, आईसुद्धा. या उड्यांत विमानातल्या तारेला अडकवलेला पट्टा छत्री आपोआप उघडून देई. परंतु त्याच सुमारास वेगळ्या प्रकारची उडीही आमच्या कानावर येऊ लागली होती: माणूस बराच वेळ छत्री न उघडता पडत राहतो आणि मग स्वतःच्या हाताने ती उघडतो. हेच स्कायडायव्हिंग. १९७९ साली, पुढे या खेळात नाव कमावलेल्या रेचेल थॉमस यांनी आग्र्यातच पहिली उडी घेतली, तेव्हा क्वार्टरमधल्या बायकांत नळावर दुसरा विषय नव्हता. दोन मुलांची आई आकाशातून उडी घेते, एवढेच आमच्या आया एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या दिवसांत आपल्या देशात स्कायडायव्हिंग हा शब्दही सामान्य माणसाला ठाऊक नव्हता, आणि आमच्यासाठी मात्र तो शेजारच्या काकांच्या प्लास्टर घातलेल्या घोट्याइतका घरगुती होता.

म्हणून वावरात पोहोचल्यावर जमिनीवर पसरलेली छत्री पाहून मला जे भरून आले, त्यात पॅरासेलिंगपेक्षा त्या गच्चीचाच वाटा मोठा होता. बाबा मात्र थेट कापडाजवळ गेले, चप्पल बाहेर काढून ठेवली आणि गुडघा दुखत असतानाही खाली बसले. त्यांनी पट्ट्या मोजल्या, त्या चोवीस भरल्या. दोन पट्ट्या जिथे जोडल्या जातात ती शिवण त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून टोकापासून कडेपर्यंत सरकवत नेली, नखाने टाका उचलून पाहिला आणि एका ठिकाणी थांबून कापड सूर्याकडे धरले. तिथे सुईच्या टोकाएवढी चार छिद्रे होती, बहुधा खुंटात अडकून झालेली. त्यांनी ती मुलांना दाखवली आणि ठिगळ कोणत्या बाजूने लावायचे तेही सांगितले. शिलाई चांगली आहे, हा त्यांचा निर्वाळा त्यानंतर आला आणि मला तो कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा वाटतो.

छत्रीच्या माथ्यावरचे भोक आणि मागच्या बाजूच्या चिरा पाहून आमच्या भाच्याने ती फाटकी असल्याची शंका काढली. ही शंका पुष्कळांना येत असेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. १७९७ साली पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरिन फुग्यातून छत्री घेऊन उतरला, तेव्हा तिच्या माथ्याला भोक नव्हते. आत कोंडलेली हवा कधी या काठाने तर कधी त्या काठाने निसटे आणि खालची टोपली घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावत राहिली. माथ्यावरच्या भोकातून हवा सरळ वर जाते आणि छत्री स्थिर राहते. मागच्या चिरांचे काम निराळे आहे. स्कायडायव्हिंगच्या आरंभीच्या काळात अमेरिकेतले हौशी उडी घेणारे लष्कराने विकायला काढलेल्या २८ फूट व्यासाच्या गोल छत्र्या विकत घेत आणि मागच्या काही पट्ट्यांचे कापड कापून टाकीत, म्हणजे हवा मागे फेकली जाऊन छत्री पुढे सरके आणि दोऱ्या ओढून तिला वळवता येई. १९६० च्या दशकात पिएर लेम्वान या फ्रेंच माणसाने गाडीमागे बांधून वर चढवता येईल अशी चिरांची छत्री बनवली. पॅरासेलिंगची छत्री ती हीच, आणि तिच्यावरूनच पॅरा-कमांडर नावाची स्कायडायव्हिंगची प्रसिद्ध गोल छत्री तयार झाली. पुढे डोमिना जालबर्टच्या कल्पनेतून आलेल्या चौकोनी, हवा भरून फुगणाऱ्या छत्रीने गोल छत्रीला खेळातून हद्दपार केले. आज एखाद्या माणसाला त्या पहिल्या पिढीच्या छत्रीखाली लटकायचे असेल, तर ते विमानातून होणे कठीण. आमच्या तालुक्यातल्या या वावरात मात्र ते ६०० रुपयांत होते.

आता उणिवांकडे येते. जीप आणि माणूस यांना जोडणारा दोर बाबांनी हातावरून पूर्ण फिरवला, आणि जीपकडच्या टोकाजवळ त्यांचा हात थबकला. तिथले तंतू ताठरून पांढरे पडले होते आणि बोटाने चोळताच त्यांचा भुगा होत होता.

“हा दोर कवाचा हाय रे बापू?” त्यांनी विचारले.

“मागच्या सालचाच हाय, काकाजी. चांगला जाड हाय ना.”

“जाड हाय, पन उन्हानं मेला हाय. रोज रातच्याला कुठं ठेवता?”

दोर रात्रंदिवस जीपच्या टपावर पडून असे, हे मुलांनी कबूल केले. नायलॉनला ऊन मारक असते आणि विदर्भातले ऊन किती मारक असते हे ताडपत्री वापरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बाबांनी खराब झालेला तुकडा कापायला लावला आणि गाठ पुन्हा स्वतः बांधून दिली, तेव्हाच आमच्यापैकी पहिला माणूस वर गेला. त्याखेरीज वावराच्या पूर्वेच्या धुऱ्यापलीकडून कृषिपंपाच्या विजेच्या तारा जातात. बाबांनी ते अंतर पावलांनी मोजले. वारा पश्चिमेकडून जोराचा असेल तर हे अंतर अपुरे आहे, हे माझे ठाम मत आहे आणि अशा दिवशी येथे कोणीही वर जाऊ नये. वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी नळकांडे तिथे नव्हते. मुले माती उधळून वारा पाहत होती.

प्रत्यक्ष उड्डाण फार सुंदर आहे. दोन मुले छत्रीची कड दोन्ही बाजूंनी उंच धरतात, जीप हळू निघते, आपण चार-पाच पावले धावतो आणि सहावे पाऊल टाकायला जमीन राहत नाही. मला वाटले होते की पोटात गोळा येईल, परंतु तसे काहीच झाले नाही. मांड्यांचे पट्टे आवळले गेले, जीपचा आवाज विरला आणि कापडाची फडफड तेवढी ऐकू येत राहिली. साधारण सव्वाशे फुटांवरून वेचणीला आलेली पऱ्हाटी, पिवळी पडू लागलेली तूर, एका बंडीमागे चालणारे वासरू आणि वावराच्या कडेला मान वर करून उभे असलेले बाबा दिसत होते. ते ज्या नजरेने माझ्या छत्रीकडे पाहत होते, ती नजर मी आईच्या चेहऱ्यावर त्या गच्चीत शेकडो वेळा पाहिली आहे. खाली उतरल्यावर मला बराच वेळ बोलता आले नाही.

उतरण्याचे शिक्षण येथे पुरेसे देत नाहीत, आणि पहिल्या भेटीतली आमची दुखापत त्यामुळेच झाली. माझा पंधरा वर्षांचा भाचा पाय फाकवून, गुडघे ताठ ठेवून उतरला; छत्री मिटवायला धावणारा मुलगा दोन क्षण उशिरा पोहोचला आणि वाऱ्याने भरलेल्या छत्रीने भाच्याला सोयाबीनच्या खुंटांवरून दहा-बारा फूट ओढत नेले. गुडघे आणि कोपरे सोलली, घोटा सुजला. गोल छत्री सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली येते; छातीइतक्या उंच धुऱ्यावरून उडी मारावी तसा तो दणका असतो. १९१९ साली लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेऊन हवेत स्वतःच्या हाताने छत्री उघडली, ती व्यवस्थित उघडली, आणि त्याचा घोटा मोडला तो जमिनीवर. बाबा आम्हाला लहानपणी सुट्टीत गावी आल्यावर ओट्यावरून उड्या मारायला लावत: पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, आणि पाय टेकताच एका कुशीवर लोळण, म्हणजे तळवा, पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची कड हे पाचही भाग एकामागून एक जमिनीला लागून धक्का वाटून घेतात. त्या दिवशी भाच्याच्या घोट्याला ओला रुमाल बांधून झाल्यावर त्यांनी चारही मुलांना जीपच्या बोनेटवरून हेच करायला लावले. ही दहा मिनिटांची तालीम प्रत्येक ग्राहकाला मिळाली पाहिजे.

स्त्रियांसाठीची व्यवस्था अजूनही कच्ची आहे. पट्टे दोन्ही मांड्यांभोवतून घ्यावे लागत असल्याने पाचवारी साडीत बसता येत नाही आणि आमच्या डोळ्यांदेखत गावातल्या तीन बायका पैसे हातात धरून परत गेल्या. एक आडोसा आणि चार-पाच सैल पायजमे ठेवले, तर हा प्रश्न सुटतो. नऊवारी नेसणाऱ्या आजींना मात्र अडचण नाही, कारण काष्ट्यामुळे पट्टे नीट बसतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली आहे. हे मी परत निघालेल्या त्या बायकांना सांगितले, तेव्हा त्यांपैकी सर्वांत वयस्कर बाई दोन पावले मागे येऊन छत्रीकडे पुन्हा पाहू लागल्या.

जायचे असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे. भर दुपारी काळी माती तापून हवा वर उसळते, वावरात वावटळी फिरतात आणि छत्री झोके खाते. दुपारी एक ते तीन काम बंद ठेवावे, असे मी मुलांना सुचवले. त्यांनी ते मान्य केले नाही, कारण महामार्गावरून जाणारी गिऱ्हाइके नेमकी जेवणानंतर थांबतात. त्यांची अडचण मला समजते, तरीही वावटळ दिसत असताना त्यांनी पैसे नाकारावेत असेच मी म्हणेन. ६०० रुपये ही रक्कम मला वाजवी वाटली. पार्किंगला झाडाची सावली आहे, पिण्याचे पाणी मात्र सोबत न्यावे.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. दोर नवा होता आणि तो बारदानाच्या पोत्यात घालून जीपच्या आत ठेवलेला होता. एका बांबूवर जुन्या शर्टाची बाही शिवून वाऱ्याचे नळकांडे उभारले होते. ठिगळ बाबांनी सांगितलेल्या बाजूने लागले होते. आडोसा आणि पायजमे यांचा पत्ता नव्हता, तारांपासूनचे अंतर अर्थातच तेवढेच होते, आणि उतरण्याची तालीम फक्त मागणाऱ्याला मिळत होती. आपण ती अवश्य मागावी. संध्याकाळी शेवटचे गिऱ्हाईक उतरल्यावर मुले छत्री गोळा करून पोत्यात कोंबू लागली, तेव्हा बाबांनी त्यांना थांबवले. दहिवर पडण्याआधी ती पुन्हा पसरायला लावली, दोऱ्या एकेक करून मोकळ्या केल्या, पट्टीवर पट्टी ठेवत, प्रत्येक घडीतली हवा तळहाताने बाहेर सारत ते गुडघ्यांवर पुढे पुढे सरकत राहिले. चारही मुले त्यांच्या मागोमाग तसेच करीत होती. अंधार पडल्यावर भाच्याने जीपचे दिवे लावून दिले, आणि घडी पूर्ण झाल्यावर बाबांनी ती एकदा उलगडून मुलांना पुन्हा घालायला लावली.