मदत बंदच करायची की अट घालून द्यायची?
दहशतवाद पोसणाऱ्या देशांना मिळणाऱ्या परदेशी मदतीबद्दल खासदारसाहेबांना पत्र लिहायचं म्हणून कोल्हापूरच्या बिंदू चौकात चहा घेत बसलेलो, दोन कप संपले तरी कागदावर एकच ओळ, कारण आमच्यात एकमत होईना.

मित्र म्हणतो, असल्या देशाची मदत सरळ तोडा. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेनं पाकिस्तानची लष्करी मदत थांबवलीच की! पण भावा, एकानं हात आखडला की दुसरा कोणतरी पैसे देतोच.

मला अटवाला रस्ता जास्त पटतो. जून 2018 ते ऑक्टोबर 2022 पाकिस्तान एफएटीएफच्या, म्हणजे दहशतवादाचा पैसा रोखायला बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या, ग्रे लिस्टमध्ये होता, म्हणजे सुधारणेची अट घालून नजरेखाली ठेवलेल्या देशांच्या यादीत, त्या काळातच 2020 मध्ये हाफिज सईदला तिथल्याच कोर्टानं टेरर फंडिंगमध्ये शिक्षा दिली, मनापासून दिली असं न्हाई, पण दबाव होता म्हणून दिली. यादीतनं नाव निघालं आणि धाक कमी झाला असं मला वाटतं. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात 26 माणसं मारली गेली, तरी मे 2025 मध्ये आयएमएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, पाकिस्तानला कर्जाचा सुमारे 1 अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला, भारत मतदानाला तटस्थ राहिला.

माझा मामा सैनिक टाकळी गावचा, गल्लीत घरटी फौजी. म्हणून पत्रात शेवटी हेच लिहिलं, साहेब, संसदेत मागणी लावून धरा, मदतीच्या प्रत्येक हप्त्याआधी हिशोब, आणि हिशोब नसेल तर हप्ता बंद.