'एकवीस दिवसांत माजावर' : पावडर विकणाऱ्यापासून सावध राहा

सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात आमच्या शेळ्या आहेत, बहुतेक संगमनेरी, थोड्या उस्मानाबादी. चैत्र-वैशाखात चारा आटला की शेळ्या माजावर (म्हणजे गाभण राहण्याच्या तयारीत) यायला लांबतात. नेमकी ही अडचण हेरून एक जण मोटारसायकलवर वस्त्यांवर फिरत होता. बोलणं थेट डॉक्टरसारखं. पावडर ९०० रुपये किलो, आणि हमी : "एकवीस दिवसांत सगळ्या माजावर, वर जुळी करडं."

सोबत दोन पथ्यं. शेळीमागे रोज पाव किलो मक्याचा भरडा. आणि बोकड महिनाभर इतका लांब बांधायचा की शेळ्यांना वाससुद्धा येऊ नये, मग एकदम कळपात सोडायचा. शेळ्या माजावर आल्या. त्याने पुढच्या मालाचे पाच हजार आगाऊ नेले आणि आमचं नाव सांगून शेजारच्या वस्त्यांवरही पावडर खपवली. माल आलाच नाही, फोन बंद.

माझ्या चुलतभावाने भरडा दिला होता, बोकडही लांब ठेवला होता, फक्त पावडर घेतली नव्हती. त्याच्याही शेळ्या तशाच माजावर आल्या! पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मग सगळं उलगडून सांगितलं. शेळीचं माजाचं चक्रच साधारण २१ दिवसांचं, मेंढीचं १७. पोटभर खाणारी, गाभण नसलेली शेळी तेवढ्यात एकदा माजावर येतेच, मग हमी द्यायला त्याचं काय जातं? बोकड दाखवण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवला तर जुळ्यांची शक्यता वाढते. लांब ठेवलेला बोकड अचानक समोर आला की माज थांबलेल्या शेळ्याही बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत माज दाखवतात. युरोपात माज दिवसाच्या लांबीवर चालतो, म्हणून तिकडे मेलाटोनिन (शरीराला रात्रीची लांबी कळवणारं संप्रेरक) वापरतात. नाशिकला उन्हाळ्या-हिवाळ्याच्या दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा. आपल्या देशी शेळीला पोटाला मिळालं तर ती वर्षभरात केव्हाही माजावर येऊ शकते. काम भरड्याने आणि बोकडाने केलं, पैसे पावडरीने नेले.

पैशांपेक्षा जास्त संताप मेंढ्यांचा येतो. हीच पावडर त्याने एका धनगर कुटुंबाला दिली. मेंढ्यांचे डोळे पिवळे पडले, लघवी लालसर-काळी झाली, काही दगावल्या. डॉक्टरांना तांब्याच्या विषबाधेचा संशय आला. गाईला चालणारं तांबं मेंढीला सोसत नाही. पुडीवर घटकच छापलेले नव्हते, त्यामुळे आत काय होतं हे कुणालाच सांगता येईना. पावडरवाला मात्र त्या कुटुंबाला म्हणाला, "तुमचं पाणी खराब असेल."

घटक, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली पुडी दाराशी आलेल्या माणसाकडून घेऊ नका. मेंढ्यांना तर मेंढ्यांसाठी बनवलेलंच खनिज मिश्रण द्या. जनावर आजारी दिसलं तर पशुवैद्यकीय हेल्पलाइन १९६२ वर फोन करा. फसला असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण उरलेली पुडी आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा. आमच्या भागातल्या बहुतेकांनी रिकाम्या पुड्या चुलीत घातल्या होत्या, म्हणून तक्रारीला दाखवायला फारसं काही उरलं नाही.