सोलर पॅनेल: कायमच्या कलात की ऋतूप्रमाणे फिरवायचं?

सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे करून ते १७ अंशांच्या कलात कायमचं बसवणं, हा पहिला पर्याय. दुसरा म्हणजे स्टँडला कल बदलायची सोय ठेवून हिवाळ्यात तो वाढवायचा, उन्हाळ्यात पॅनेल जवळजवळ आडवं करायचं.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारीसुद्धा सूर्य इथं क्षितिजापासून ५० अंशांवरच येतो आणि दिवस जेमतेम ११ तासांचा. कायमच्या पॅनेलवर ऊन २३ अंश तिरकं पडतं, दुपारच्या थेट उन्हातला आठेक टक्के भाग जातो. कल ४० अंश केला की तो वाचतो.

जूनमध्ये सूर्य डोक्यावरून चक्क उत्तरेला सरकतो, दिवस १३ तासांचा होतो, पण आभाळच भरलेलं! ढगांतून उजेड सगळीकडून झिरपतो, तिथं कल बदलून फारसं काही हाती लागत नाही.

घराच्या छतावर कायमचाच कल घ्या. वळवाच्या वाऱ्यात पक्कं बसवलेलं पॅनेल केव्हाही बरं. कल बदलत बसण्यापेक्षा काचेवरची धूळ वेळच्या वेळी पुसा. शेतातल्या पंपाचं मात्र वेगळं: रब्बीला पाणी ऐन हिवाळ्यात लागतं, तिथं फिरता स्टँडच घ्यावा.