घरचं बाल्सॅमिक ग्लेझ : काही महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. घरी आटवलेलं बाल्सॅमिक ग्लेझ, म्हणजे बाल्सॅमिक व्हिनेगर आटवून केलेला दाट गोड-आंबट पाक, चवीला विकतच्यापेक्षा उजवं, दिसायला किंचित डावं आणि करायला इतकं सोपं की कृती एका ओळीत संपते: व्हिनेगर पातेल्यात ओता, मंद आचेवर आटवा, वेळेवर गॅस बंद करा. सगळी गोम त्या ‘वेळेवर’मध्ये आहे. आणि त्याआधी, कुठलं व्हिनेगर ओतताय त्यात.

बऱ्याच कृतींमध्ये मध किंवा ब्राऊन शुगर घालायला सांगतात. मी काहीच घालत नाही, कारण गोडवा व्हिनेगरमध्ये असतोच. इटलीतल्या मोदेनाचं ‘आयजीपी’ (संरक्षित भौगोलिक ओळख) शिक्क्याचं बाल्सॅमिक हे वाइन व्हिनेगर आणि आटवलेला किंवा घट्ट केलेला द्राक्षरस यांचं मिश्रण असतं. ते किमान ६० दिवस लाकडी पिंपांत ठेवलेलं असतं आणि आम्लता किमान ६ टक्के असते. रंगासाठी थोडं कॅरॅमल घालायची मुभाही नियमांत आहे. आता लेबलवर घटकांचा क्रम बघा. जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो. ‘ग्रेप मस्ट’, म्हणजे द्राक्षांचा रस, पहिला असेल तर व्हिनेगर गोडसर आणि अंगाने भरलेलं निघतं. ‘वाइन व्हिनेगर’ पहिलं असेल तर पातळ आणि झणझणीत. नुसत्या साध्या व्हिनेगरला कॅरॅमलचा रंग देऊन बाल्सॅमिकच्या नावाखाली विकलेलं असेल, तर ते कितीही आटवा, काळं आंबट पाणीच हाती लागतं. त्यात मग साखर घालणं आलंच.

लेबलवरचा आणखी एक आकडा माझ्या फार कामी आला, तो म्हणजे १०० मिलीत साखर किती. आटवताना पाणी उडतं, साखर जागची हलत नाही. त्यामुळे हिशेब सरळ आहे. साखर १५ ते २० ग्रॅम असेल तर व्हिनेगर एक तृतीयांशावर आणायचं, ३०च्या आसपास असेल तर निम्म्यावर थांबायचं. दोन्ही वाटांनी शेवटी १०० मिलीला साधारण ४५ ते ६० ग्रॅम साखर होते आणि ग्लेझला तेवढी पुरते. ज्यांना साखर मोजून खावी लागते त्यांनी हाच आकडा दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावा.

आटवल्यावर आंबटपणा उडून जातो, असं सर्रास म्हटलं जातं. थोडा जातो हे खरं, नाका-डोळ्यांना जाणवतंच. पण अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड उकळतं ११८ अंशांना आणि पाणी १०० अंशांना, म्हणून वाफेतून मुख्यतः पाणीच निघून जातं. आंबटपणा मागे उरतो, फक्त दाट झालेली साखर त्याला झाकते. घरचं ग्लेझ गोड असूनही जिभेच्या कडांना झोंबतं ते यामुळेच. मला नेमकं तेच आवडतं. विकतच्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुकोज सिरप, स्टार्च किंवा झँथन गम असं काहीतरी दाटपणासाठी घातलेलं असतं आणि तिथे हा झोंबरेपणा पार बोथट होतो.

पातेलं रुंद, जाड बुडाचं आणि स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा उघडं लोखंड नको, आम्लामुळे धातूची चव उतरते. एक्झॉस्ट फॅन आधी लावा, खिडक्या उघडा आणि पातेल्यावर वाकून वास घेऊ नका, ठसका लागतो. पाव लिटरला मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं बघण्यासारखं काही नसतं: बारीक बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात, वास तिखट असतो. मग वास बदलतो, मनुकांसारखा गोड व्हायला लागतो. बुडबुडे मोठे, चकचकीत आणि आळशी होतात, एकमेकांना चिकटून सगळा पृष्ठभाग झाकतात. पातेलं तिरपं केलं की पातळ तपकिरी थर बुडाला रेंगाळत मागे येतो. इथून पुढे गॅसपाशीच उभं राहायचं. चमचा बुडवून उलटा करा, पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ क्षणभर टिकून कडा हळूच सरकू लागल्या की बंद करा. एकतारी पाकाची वाट बघाल तर गार झाल्यावर गोळी होईल. गरम असताना ते नेहमी हवं त्यापेक्षा पातळच दिसायला हवं. खात्री करायची असेल तर फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर एक थेंब टाका, गार झाल्यावर कसं वाहणार ते लगेच कळतं. जास्त आटलं तर चमचाभर गरम पाणी घालून सैल करता येतं, पण करपलं की कडवटपणा जात नाही, फेकूनच द्यावं लागतं. पातेल्यात मात्र लगेच गरम पाणी ओता, वाळलेला थर घासणं हा वेगळाच व्यायाम आहे.

काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये ते महिनोन्‌महिने उत्तम राहतं, कारण आम्ल आणि साखर दोन्ही राखणदार आहेत. थंडीने घट्ट होतं, तेव्हा वापरायच्या आधी बाटली कोमट पाण्यात उभी ठेवायची.

वापराबद्दल. टोमॅटो आणि मोझरेलावर ते सुरेखच लागतं, पण फोडी आधी टिपून कोरड्या करा. विकतच्या ग्लेझच्या रेघा गममुळे जागेवर उभ्या राहतात, घरचं ओल्या फोडीवरून घरंगळतं. माझी खरी आवड म्हणजे भाजलेला भोपळा, बीट, मशरूम. इथे ग्लेझ शेवटच्या दोन-चार मिनिटांत किंवा ओव्हनमधून काढल्यावरच घालायचं, आधी घातलं तर भाजी शिजायच्या आत साखर जळते. स्ट्रॉबेरीवर मोजके थेंब आणि वर भरड मिरी. व्हॅनिला आइस्क्रीमवर घालतात हे ऐकून माझ्या घरात नाकं मुरडली होती, आता तिथेच सगळ्यात जास्त संपतं.

‘त्रादिझिओनाले’, म्हणजे पारंपरिक बाल्सॅमिक, असं लिहिलेली १०० मिलीची बाटली कोणी भेट दिली, तर ती चुकूनही गॅसवर चढवू नका. ते निव्वळ शिजवलेल्या द्राक्षरसाचं, किमान १२ वर्षं पिंपांमध्ये मुरलेलं असतं आणि मुळातच दाट असतं. आटवण्यासाठी मधल्या दर्जाचंच व्हिनेगर बरं.

पालेभाज्यांच्या सॅलडवर मात्र ग्लेझ जमत नाही. तेलात नीट मिसळत नाही, एका पानावर गोळा होतं आणि बाकीची पानं कोरडी राहतात. तिथे साधं, न आटवलेलं बाल्सॅमिकच हवं, म्हणून मी बाटलीतलं निम्मं व्हिनेगर तसंच राखून ठेवते.